पॉझिटिव्ह राहू नका, माती आणा

"पॉझिटिव्ह राहू नका, माती आणा."

हे वाक्य काकांनी कुणाकुणाला ऐकवलं नाही! मला ऐकवलं, माझ्या नवऱ्याला ऐकवलं, शेजारच्या मॉरीनला इंग्रजीत ऐकवलं, इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना भर सभेत ऐकवलं. म्हणताना उजवा हात पुढे करायचे, तळवा वर, आणि बोटं दोनदा आत वळवायचे. समोरच्याच्या खिशात मातीचं ढेकूळ आहे आणि तो उगीच लपवून बसलाय, अशी त्यांची खात्री असावी.

आणि त्यांच्या शोकसभेत पडद्यावर पहिली स्लाइड काय, तर सूर्यफुलांचं शेत आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'ऑलवेज पॉझिटिव्ह, ऑलवेज स्मायलिंग'. माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्मायलिंग? तो माणूस हसताना मी फार कमी वेळा पाहिला, आणि त्यातही बहुतेक वेळा समोर काहीतरी कोसळलेलं होतं. तेव्हा आधीच सांगून ठेवते, हे मी रागातच लिहितेय. थंड डोक्यानं लिहायला बसले असते तर माझ्याही हातून सूर्यफुलंच उगवली असती.

त्यांची माझी ओळखही रागातच झाली. आम्हाला पुण्याहून बर्मिंगहॅमला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मी इथल्या एका बँकेत कामाला लागले होते. त्या आठवड्यात आमच्या टीममधली निम्मी माणसं कमी करणार असं जाहीर झालं, आणि आमचं मनोबल खचू नये म्हणून बँकेनं एक प्रशिक्षक बाई बोलावली. ती गोड आवाजात म्हणाली, रोज आयुष्यातल्या चांगल्या गोष्टी चिठ्ठीवर लिहा आणि या बरणीत टाका. मग प्रत्येकाला एकेक काचेची बरणी दिली. झाकणाला रिबीन बांधलेली. माझ्या शेजारचा माणूस, ज्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, त्या बरणीकडे बघत नुसता बसून राहिला.

ती बरणी हातात घेऊन मी बसमधून उतरले आणि घराकडे चालू लागले. पाऊस भुरभुरत होता. आमच्याच गल्लीत, एका घरापुढच्या चौकोनी जागेत, टोपी घातलेला एक म्हातारा गुडघ्यांवर बसून मातीच्या ढिगाऱ्याला शिव्या घालत होता. अस्सल मराठीत. मी थबकलेच. परदेशात आपल्या भाषेतली शिवी कानावर आली की माणसाला गहिवरून येतं, हे तुमच्यापैकी बाहेर राहिलेल्यांना सांगायला नको. जवळ जाऊन बघितलं, तर ढिगाऱ्याला तट होते, दरवाजा होता, वर मातीचे महाराज बसलेले होते. दिवाळीचा किल्ला! आणि त्याचा एक बुरूज पावसानं घसरून खाली आला होता.

"काका, होईल हो. पॉझिटिव्ह राहा," मी म्हणाले. दिवसभर तेच ऐकत होते, तोंडातून तेच निघालं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला, बोटं आत वळवली आणि म्हणाले, "पॉझिटिव्ह राहू नकोस. माती आण. तिकडं, कुंपणापाशी आहे."

ऑफिसच्या कोटात, ऑफिसच्या बुटांत मी माती आणली. बुरूज पुन्हा उभा केला. पुन्हा पडला. "हां," काका म्हणाले, "आता कळलं का पडतोय. खाली दगड नाही." तासाभरानं मी घरी गेले तेव्हा माझी नखं काळी होती आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा मला चांगली भूक लागली होती. बरणी तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर रिबीन काढून टाकलेली, आणि आत अळीव भिजत घातलेले.

काका मूळचे कराडचे. तरुणपणी इकडे आले आणि एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मोटारीच्या भागांची ड्रॉइंगं काढत निवृत्त झाले. "आयुष्यभर सरळ रेघा मारल्या," ते म्हणायचे, "त्याही दुसऱ्यानं ठरवलेल्या." घरापुढच्या त्या चौकोनात त्यांच्या बायकोचे गुलाब होते. ती गेली, मागोमाग गुलाबही वाळले. त्या दिवसांत दवाखान्यातून त्यांना एक रंगीत पत्रक मिळालं होतं. दुःखात सकारात्मक कसं राहावं, नवा छंद कसा लावून घ्यावा, असलं काहीतरी.

"असा राग आला," काकांनी मला सांगितलं होतं, "की फावडं घेतलं आणि बाहेर जाऊन खणायला लागलो. कशासाठी खणतोय ते ठरवलं नव्हतं. खणता खणता शेजारी डोंगर झाला. डोंगर झाला म्हणून तट बांधला. तट बांधला तेव्हा आठवलं, दिवाळी आलीय."

त्यानंतर दर दिवाळीला तिथे किल्ला होऊ लागला. गल्लीतली, मागच्या गल्लीतली, दोन बस बदलून येणारी मराठी पोरं जमायची, आणि नंतर नंतर इतरही. इथे गोणपाट मिळत नाही, म्हणून डोंगराला आतून ऑनलाइन मागवलेल्या सामानाची खोकी आणि जुने उशांचे अभ्रे. मावळे मिळत नाहीत, म्हणून चॅरिटी शॉपमधून आणलेले जुने, खेळण्यातले इंग्रजी सरदार, चिलखत घातलेले. त्यांच्या शिरस्त्राणांवर काका लाल रंगानं मुंडाशी रंगवायचे. "नोकरी बदलली त्यांनी," म्हणायचे. "आपण नाही का बदलली?"

किल्ल्यावर हिरवळ हवी म्हणून अळीव. स्वयंपाकघराच्या खिडकीत ओल्या फडक्यावर ते उगवायचे आणि फडक्यासकट डोंगरावर पांघरायचे. आता गंमत अशी, की इंग्रज लोक हेच कोवळे अळीव अंड्याच्या सँडविचात घालून खातात. पहिल्याच वर्षी मॉरीन सकाळी कात्री घेऊन आली. म्हातारबाबांनी भाजी लावलीय असं समजून तिनं डोंगराची एक अख्खी बाजू कापून नेली. काका पिसाळले. "माझं जंगल खाल्लं हिनं!" म्हणत तिच्या दारात गेले. तिनं शांतपणे त्यांच्या हातात सँडविच ठेवलं. काकांनी ते दारातच उभ्या उभ्या खाल्लं, तणतणत. पुढच्या वर्षीपासून डोंगराच्या मागच्या अंगाला मॉरीनसाठी वेगळं जंगल असायचं.

काकांचा मुलगा इथेच जन्मलेला. इथून दोन तासांवर, ब्रॅकनेलला एका टेक्नॉलॉजी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. पोरगा सोन्यासारखा होता, हे मला रागातही कबूल करावं लागतं. दर रविवारी फोन, महिन्यातून एकदा फेरी. पण आला की त्या चौकोनाकडे बघून त्याचं एकच पालुपद: "बाबा, इथं गाडी लावायला ड्राइव्ह करून टाकू या. नीट पेव्हिंग. तुमचा पाय स्लिप होईल ना कधीतरी."

"मी कधी गाडी चालवली?"

"घराचा व्हॅल्यू वाढतो, बाबा."

"किल्ल्याचा नाही वाढत."

दोघंही हसायचे, विषय तिथेच राहायचा. पण काकांच्या मनातून तो जात नव्हता. "या पोराला माझी फार काळजी आहे," ते एकदा मला म्हणाले. "त्या काळजीनंच एक दिवस ही जागा जाणार बघ. ही गेली की मी पण खुर्चीत बसून राहणारा म्हातारा होणार. मग आणा पत्रकं."

माझी मुलगी ईरा तेव्हा सात वर्षांची होती. तिला कागद फाडायची खोड लागली होती. चित्र काढायला घ्यायची, एक रेघ वाकडी गेली की कागद टराटरा फाडून टाकायची. शाळेत प्रत्येक गोष्टीला चमचमता स्टिकर मिळायचा. ब्रिलियंट, अमेझिंग, सुपरस्टार. स्टिकर मिळाला नाही की पोर हिरमुसून जायची. मी काकांकडे तिला जरा घाबरतच नेलं. तिनं एक पायऱ्यांची वाट केली, मन लावून, आणि विचारलं, "आजोबा, छान आहे?"

"मला काय विचारतेस? त्या मावळ्याला विचार. चढतोय का बघ."

तिनं मावळा ठेवला. मावळा घरंगळला. तिचा हात ती वाट पुसून टाकायला पुढे झाला.

"थांब," काका म्हणाले. "मोडायचं नाही. ही पायरी नसली तर मग काय आहे ती?"

तिनं वाकून बघितलं. "वॉटरफॉल?"

"मग पाणी आण. नुसतं म्हणून काय होतंय?"

काकांनी कधी कुणा पोराला छान म्हटलं नाही. हा त्यांचा नियम होता, आणि त्यावरून आयांनी त्यांच्यावर डोळे वटारलेले मी पाहिले आहेत. "छान म्हटलं की पोर थांबतं," ते म्हणायचे. ईरानं नंतर कागद फाडणं सोडलं. एका दिवसात नाही, पण सोडलं. आता तिच्या वहीत वाकड्या रेघांची माकडं, ढग आणि नद्या झालेल्या असतात.

आता मंडळाचं ऐका. काकांच्या किल्ल्याची ख्याती झाली तसं मंडळाला वाटलं, आपणही करावं. कम्युनिटी हॉलमध्ये 'दिवाळी क्रिएटिव्हिटी अँड पॉझिटिव्हिटी डे' ठरला. प्रत्येक कुटुंबाला किल्ल्याचं किट. फोमचे कापलेले तुकडे, सोबत डिंक, पानावर छापलेल्या सूचना. मातीला हॉलमध्ये सक्त मनाई, गालिचा खराब होतो. परीक्षक म्हणून काका! त्यांनी कोट घातला, टेबलांमधून हात मागे बांधून फिरले. सगळे किल्ले सारखे. एका छापाचे गणपती असावेत तसे. बाप मंडळी चिमटे घेऊन डिंक लावत होती आणि पोरं खुर्च्यांवर मोबाइल बघत होती.

दाराशी एक बाप आपल्या मुलीवर खेकसत होता. घरीच जोडून आणलेला किल्ला गाडीच्या डिकीतून काढताना तिच्या हातून पार्किंगमध्ये पडला होता. एक बाजू चेपलेली, तटाला चिखल लागलेला, मुलगी मुसमुसत होती. काकांनी तो किल्ला उचलून मधल्या टेबलावर ठेवला आणि माईक घेतला. "पहिला नंबर. या हॉलमध्ये लढाई बघून आलेला हा एकटाच किल्ला आहे."

अध्यक्षीणबाई हसत हसत पुढे आल्या. "काका, सगळ्यांनाच कौतुकाचे दोन शब्द बोला ना. आजचा दिवस पॉझिटिव्हिटीचा आहे." त्यावर काकांनी कसा हात पुढे केला आणि काय म्हणाले, हे तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वर्षी त्यांना बोलावणं आलं नाही. याच बाईंनी ती सूर्यफुलांची स्लाइड केली.

असो. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात काका पडले. चौकोनात नाही, घरातल्या जिन्यावर, मोजा घसरून. हे मी मुद्दाम सांगतेय. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हॉस्पिटलात आणि नंतर पुनर्वसनाच्या वॉर्डात त्यांचे बरेच आठवडे गेले. एका दुपारी मी घरून काम करत होते. बाहेर घरघर ऐकू आली म्हणून बघते तर काकांच्या दारात खोदाईचं छोटं यंत्र. रस्त्याकडेला राडारोडा न्यायचा लोखंडी स्किप लावलेला, आणि त्यात भरलेली ती तांबूस चिकणमाती. मुळं, दगड, अभ्र्यांच्या चिंध्या आणि एक इंग्रजी मावळा, लाल मुंडाशाचा.

मी मुलाला फोन लावला.

"ताई, तुम्ही बघितला का? इट्स अ सरप्राइज," तो उत्साहानं म्हणाला. "प्लीज बाबांना सांगू नका हं."

"अरे, त्यांना विचारलंस का?"

"विचारला तर ते नाहीच म्हणणार ना! वॉकिंग फ्रेम घेऊन चालायचा आहे त्यांना. माती म्हणजे रिस्क आहे. ताई, बी पॉझिटिव्ह ना. घरी येतील तेव्हा सगळा क्लीन असेल."

मी त्याला नको नको ते बोलले. तो ऐकून घेत राहिला, आणि शेवटी हळूच म्हणाला, "ताई, मी इतका लांब राहतो. मला रात्री झोप नाही येत." दुष्ट माणसाशी भांडता येतं. मी फोन ठेवला आणि स्किपजवळ गेले तोवर तो उचलून नेला होता.

काका घरी आले त्या दिवशी मी आणि मॉरीन फाटकापाशी उभ्या होतो. फिकट, मलईच्या रंगाच्या विटा, एका रेषेत, चकचकीत. दाराला फुगे. काका गाडीतून उतरले, फ्रेमवर दोन्ही हात टेकले आणि बघत राहिले. मुलगा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता, एखादं पोर बघतं तसं.

"सरळ रेघा मारल्यात," काका म्हणाले. मग म्हणाले, "छान आहे."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला. मुलगा खुलला. मॉरीनला मराठीचं अक्षर कळत नाही, पण तिनं माझा दंड घट्ट धरला.

नंतर ते खिडकीतल्या खुर्चीत बसू लागले. जेवायचे, औषधं घ्यायचे, व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला थँक यू म्हणायचे. फ्रिजवर कुणीतरी हसऱ्या चेहऱ्याचं चुंबक लावून गेलं होतं, त्यालाही हरकत घेतली नाही. दिवाळी दोन आठवड्यांवर आली. पोरं विचारायला आली तर म्हणाले, "यंदा नाही रे. खेळा तुम्ही." मी एकदा मुद्दाम पाणचट कढी नेली. खरंच मुद्दाम. तू हिला कढी म्हणतेस, मला गढूळ पाणी वाटलं, असं काहीतरी ऐकायला मी आसुसले होते.

"छान झालीय," ते म्हणाले.

"काका, काय चाललंय हे?"

"काही नाही गं. सगळं चांगलं आहे. पॉझिटिव्ह आहे मी आता."

मला रडू आलं नाही, मला संताप आला. मुलाचा, विटांचा, त्या चुंबकाचा, बरण्या वाटणाऱ्या बाईचा, सूचना छापणाऱ्यांचा, माणसाला खुर्चीत बसवून वर त्याच्याकडून हसण्याची अपेक्षा करणाऱ्या सगळ्या जगाचा. चिडका माणूस चिडायचा थांबला की घाबरावं, हे मला त्या दिवशी कळलं. मी तडक घरी आले, शेडमधलं फावडं काढलं आणि मागच्या लॉनमध्ये खणायला सुरुवात केली. हे लॉन म्हणजे माझ्या नवऱ्याचा जीव की प्राण.

तो धावत आला. "अगं, काय करतेयस?"

"माती काढतेय."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. संसार करून तो शहाणा झालाय. जाऊन कचऱ्याचा चाकांचा डबा रिकामा केला आणि तोच ओढत घेऊन आला.

मी मॉरीनला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "राइट. व्हेअर डज ही वॉन्ट इट?" आणि आपल्या भाजीच्या वाफ्यातली माती बाजारहाटाच्या चाकाच्या पिशवीत भरून आणायला लागली, खेपेमागून खेप. पोरांनी पिशव्यांतून आणली, सँडविचच्या डब्यांतून आणली. शनिवारी सकाळी आम्ही ती सगळी त्या मलईरंगी विटांवर ओतली. विकतच्या पिशवीतली एक मूठ नव्हती. "ते खत आहे, उभं राहत नाही," असं काकांनीच शिकवलं होतं.

मग आम्ही बांधायला लागलो. पण आमच्यात कुणाला काय येत होतं? कुठे डोंगर, कुठे पायथा, कशाचा काही पत्ता नाही. आम्ही आपले फाटकाजवळ, जिथे जागा मोकळी दिसली तिथे रचत गेलो. खिडकीत पडदा हलत नव्हता. मला वाटलं, फसलं. नुसती घाण करून ठेवली आपण.

तेवढ्यात काचेवर काठी आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग धडाधडा.

"ए! कुठल्या गाढवानं सांगितलं तिथं बांधायला?" खिडकी उघडली होती. "पाणी कुठनं येतं ते बघितलं का? उतार आहे तो! सगळं गटारात जाईल! आणि तो डोंगर आहे का उकिरडा? आत खोकी कुठायत? माझी टोपी कुठाय?"

आयुष्यात कुणाच्या शिव्या मला इतक्या गोड लागल्या नाहीत. काका फ्रेम घेऊन बाहेर आले, स्लिपरांतच. आम्ही खुर्ची मांडली. त्यांनी बसल्या बसल्या काठीनं विटांवर आकार आखून दिला आणि दुपारपर्यंत आमच्यातल्या एकालाही सोडलं नाही. ईरानं मुद्दाम विचारलं, "आजोबा, छान आहे का?"

"अजिबात नाही. ती बाजू पाड."

ती इतकी हसली, की चिखलात बसलीच.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पाऊस आला. इथला पाऊस आपल्याकडच्यासारखा मोकळा होत नाही, सावकाश, सभ्यपणे पडत राहतो. त्यात विटांवर मातीला धरायला काही नव्हतं. तट सुटला, दरवाजा खचला आणि सगळा किल्ला तांबडा ओघळ होऊन फाटकाकडे निघाला. काका छत्री घेऊन दारात बसले होते. शेवटचा बुरूज बसला तेव्हा मोठ्यानं हसले. "पडला! बघितलंस? तटाच्या आधी बुरूज पडायला हवा होता. पुढच्या खेपेला बघू."

पाडव्याला सकाळी मुलगा आला. गाडीतून उतरला आणि जागच्या जागी थिजला. ड्राइव्हभर चिखल, त्यात आडवे पडलेले मावळे.

"बाबा, हा सगळा घाण झाला," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मी तुमच्यासाठी केला होता."

"माहीत आहे रे," काका म्हणाले. "म्हणून तर पंचाईत झाली. तुला धड शिव्याही देता येईनात." मग उजवा हात पुढे केला, तळवा वर. बोटं दोनदा आत वळवली.

मुलानं गाडीचं दार पुन्हा उघडलं. मग त्यानं कोट काढून गाडीत ठेवला, बाह्या सरसावल्या आणि ओणवा होऊन ओंजळीनं चिखल गोळा करू लागला. लहानपणी त्यानं किल्ला कधी केलाच नव्हता. काका तेव्हा सरळ रेघा मारत होते ना. त्याच्यानं एक बुरूज झाला. जाडजूड, एका अंगाला कललेला. करून झाल्यावर तो वडिलांकडे बघत राहिला, आणि काका त्याला छान म्हणाले नाहीत. "तिरका आहे," म्हणाले. "पण उभा आहे. राहू दे."

तो बुरूज खूप दिवस राहिला.

नाताळानंतर काकांना एकटं राहणं जमेना. ते ब्रॅकनेलला मुलाकडे गेले. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. फोनवर तक्रारी करायचे, आणि मी त्या तक्रारी कान देऊन ऐकायचे. तिथला चहा, लिफ्टमधली बाई, खिडकीतून दिसणारी पार्किंगची जागा. "माती लांब आहे गं इथं," एकदा म्हणाले, "पण पोरगा आणतो. बादलीनं. बाल्कनीत." झाडांना पालवी फुटायच्या आत ते गेले.

शोकसभेत मुलगा माझ्या शेजारी बसला होता. सूर्यफुलं पडद्यावर आली तसा तो माझ्याकडे झुकला आणि कानात म्हणाला, "ताई, ते स्लाइड मी नाही बनवला." मी त्याचा हात दाबला. त्याच्या नखांत माती होती.

घर विकलं. आता तिथे एक तरुण जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत, त्यांची निळी गाडी त्या विटांवर नीट मावते. परवा ती बाई मला फाटकापाशी दिसली. हातात जेट-वॉशची नळी होती, कपाळाला आठ्या.

"तुम्ही इथल्या जुन्या ना?" तिनं इंग्रजीत विचारलं. "हा डाग कशाचा आहे हो? कोरडं असताना दिसतच नाही. मी धुऊन धुऊन थकले. पाऊस आला की पुन्हा वर येतो."

चिकणमातीचा डाग कशानं जातो ते मला ठाऊक आहे. आमच्या घरामागे मी तो दोनदा घालवलाय.

"नथिंग वर्क्स," मी तिच्या डोळ्यांत बघून धडधडीत खोटं बोलले. "वी हॅव ऑल ट्राइड."

तिनं सुस्कारा सोडला आणि नळी गुंडाळून ठेवली. तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला म्हणून ती आत पळाली. मी फाटकाला धरून उभी राहिले. विटा ओल्या झाल्या, गडद झाल्या, आणि त्यांच्यातून हळूहळू तांबूस रंग वर यायला लागला. आधी आला तो तिरका बुरूज, आणि मग दरवाजा.